सव्वापाच वर्षांच्या मुलीला हातातला गेम कन्सोल द्यावा का? कशावरून ठरवायचं?

अनघा_ठाणे

नमस्कार. मुलगी सव्वापाच वर्षांची आहे, मोठ्या शिशुत. जूनमध्ये पहिलीत जाईल, मराठी माध्यम. तिचा मामा दोन महिन्यांनी अमेरिकेहून येतोय. तो म्हणतो, त्याच्याकडे पडून असलेला न्यू थ्रीडीएस एक्सएल (निन्टेंडोचा जुना, थ्रीडी पडद्याचा हातातला कन्सोल) तसाच घेऊन येतो, नाहीतर नवीन स्विच लाइट (निन्टेंडोचाच, फक्त हातात धरून खेळायचा) आणतो. घरातल्या दुसऱ्या मताप्रमाणे आणायचाच तर टीव्हीला जोडता येणारा साधा स्विच आणावा. सध्या तिला दिवसाला अर्धा तास टीव्ही असतो, फोन जवळजवळ नाहीच. दीड वर्षाचा धाकटा भाऊही आहे.

गेमच्या खोक्यावरचं वय वाचून मला काही बोध होत नाही. मूल तयार आहे हे कशावरून ओळखायचं, यातला कुठला कन्सोल, किती वेळ, आणि काय काय बिघडतं, हे माहितगारांनी सांगावं.

---

पाटी_पेन्सिल

अनघाताई, बालवाडीच्या वयाच्या मुलांबाबत मी वयाच्या आधी एकच गोष्ट बघायला सांगेन: खेळ रंगात आलेला असताना मूल थांबू शकतं का. बाकी सगळं शिकवता येतं. हे जमत नसेल तर कन्सोल घरातलं रोजचं भांडण होतो.

त्यासाठी काही विकत आणायला नको. मामा यायला दोन महिने आहेत, त्यातले दोन आठवडे यासाठी काढा.

सापशिडी काढा. नव्व्याण्णववरून साप खाली घेऊन गेला की ती काय करते? रडली तरी चालेल, रुसली तरी चालेल. पण रडून झाल्यावर पुन्हा फासा टाकते का ते बघा. गेममध्ये दर दोन मिनिटांनी हरणं असतं. पट उधळून निघून जाणं हे आठवड्यातून चारपाच वेळा होत असेल तर अजून थोडं थांबा.

दुसरी परीक्षा टीव्हीची. पाच वर्षांच्या मुलाला 'पाच मिनिटं राहिली' याचा अर्थ लागत नाही. त्याला मोजता येईल असं काही द्या. एका वाटीत चार चिंचोके ठेवा. कार्टूनचा एक भाग, गाणं, काय असेल ते संपलं की एक चिंचोका तिने स्वतः दुसऱ्या वाटीत टाकायचा. वाटी रिकामी झाली की रिमोट तिनेच जागेवर ठेवायचा, तुम्ही हातातून काढून घ्यायचा नाही. पहिले चार दिवस कटकट होईल. दुसऱ्या आठवड्यात सातपैकी पाच दिवस ती आपणहून उठली तर ती तयार आहे असं मी म्हणेन. सातही दिवस ओढाताण होत असेल तर विषय दोनतीन महिने बाजूला ठेवा आणि पुन्हा करून बघा. या वयात तीन महिन्यांत फार फरक पडतो.

इथे घोटाळा बहुतेक मोठ्यांकडूनच होतो. पाहुणे आले, फोन आला, स्वयंपाक राहिलाय, की वाटीत गुपचूप दोन चिंचोके वाढतात. मुलाला ते बरोबर कळतं आणि पुढच्या वेळी तेच मागतं. कन्सोल आल्यावरही हीच वाटी चालवा, फक्त एक शर्यत किंवा एक लेव्हल म्हणजे एक चिंचोका.

जेवताना भरवण्यासाठी आणि प्रवासात गप्प बसवण्यासाठी कन्सोल पहिल्या वर्षी अजिबात वापरू नका.

---

वायस्क्रू

कन्सोल दुरुस्तीच्या बाजूने लिहितो.

थ्रीडीएसबद्दल आधी, कारण त्यात धोका आहे. थ्रीडीएसचा अमेरिकेत विकला जाणारा अ‍ॅडॉप्टर फक्त १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये नुसता पिन बदलून लावला तर जळतो. पिन बदलणारा कन्व्हर्टर व्होल्टेज बदलत नाही. अ‍ॅडॉप्टरच्या पोटावर 'इनपुट' या शब्दापुढे १००-२४० लिहिलेलं नसेल तर तो तिकडेच राहू द्या आणि थ्रीडीएसची यूएसबी चार्जिंग केबल घ्या. ती मोबाईलच्या साध्या ५ व्होल्ट चार्जरवर चालते. स्विचला ही अडचण नाही, त्याचा अ‍ॅडॉप्टर १००-२४० व्होल्टचाच आहे, तिथे पिन बदलणारा कन्व्हर्टर पुरतो.

थ्रीडीएसच्या आणखी गोष्टी. अमेरिकन यंत्रात थ्रीडीएसची अमेरिकन कार्डंच चालतात. निन्टेंडोचं त्याचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, ऑनलाइन खेळ एप्रिल २०२४ मध्ये. म्हणजे मामाकडे आज जे गेम आहेत तेवढेच, किंवा जुनी कार्डं शोधत बसायचं. गेम डाउनलोड केलेले असतील तर यंत्र फॉरमॅट करू नका, सगळे जातील. पालक-पिन लावलेला असेल तर मामाकडून लिहून घ्या. आणि सहा वर्षं व त्याखालच्या मुलांनी थ्रीडी दृश्य वापरू नये अशी कंपनीचीच सूचना आहे. उजव्या बाजूची सरकपट्टी खाली ओढून थ्रीडी बंद होतं, पण मूल ती परत वर सरकवतं. म्हणून पालक-नियंत्रणात जाऊन थ्रीडी पिनने कुलूपबंद करा. मागचं झाकण फुगलेलं किंवा नीट बसत नसेल तर बॅटरी फुगली आहे. ती बदलल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

आता लाइट की साधा. माझं मत साध्या स्विचकडे आहे, आणि त्याचं कारण स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी. स्टिकच्या आत कार्बनच्या पट्ट्यांवरून धातूची पाती घासत फिरतात. पट्ट्या झिजतात, त्यांची भुकटी आणि बाहेरची धूळ आत साठते आणि स्टिकला हात न लावता पडद्यावरची गाडी एका बाजूला ओढली जाते. त्यालाच ड्रिफ्ट म्हणतात. लहान मुलं स्टिक अंगठ्याच्या टोकाने अलगद फिरवत नाहीत, सगळा जोर लावून कडेला दाबून धरतात. त्यामुळे झीज लवकर होते. साध्या स्विचमध्ये जॉय-कॉन, म्हणजे कडेला लावायचा कंट्रोलर, सुटा होतो, तो दुरुस्तीला द्या किंवा दुसरा लावा, कन्सोल चालू राहतो. लाइटमध्ये स्टिक अंगातच असते, म्हणजे वाय आकाराच्या खाचेचे स्क्रू काढून पूर्ण कन्सोल उघडायचा. आत स्टिकची चपटी रिबन केबल एका इवल्याशा खटक्यात अडकवलेली असते. तो खटका तुटला की नुसत्या स्टिकवर भागत नाही, आतला मुख्य सर्किट बोर्डच दुरुस्त करावा लागतो.

ड्रिफ्ट दिसला की लगेच उघडायला जाऊ नका. सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्सच्या विभागात स्टिक कॅलिब्रेट करायची, म्हणजे तिची मधली जागा पुन्हा ठरवून द्यायची, सोय आहे, ती आधी करा. नाही भागलं तर कन्सोल बंद करून स्टिकच्या मुळाशी असलेली रबराची कड टूथपिकने किंचित उचला, त्याखाली आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एकदोन थेंब सोडा, स्टिक अर्धा मिनिट गोल फिरवा, पंधरावीस मिनिटं वाळू द्या. घरातलं सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन आत चिकटतं.

लहान मुलांच्या कन्सोलमधला दुसरा नेहमीचा बिघाड चार्जिंग पोर्टचा. वायर लावलेली ठेवून खेळतात, वायरीला हिसका बसतो आणि टाइप-सी पोर्टच्या मधली पातळ जीभ वाकते. नियम एकच ठेवा: वायर लावली की खेळ बंद.

---

सहा_मीटर

डोळे तपासणं हे काम असल्याने तेवढ्यापुरतं बोलते.

इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सच्या सूचना अशा आहेत: दोन वर्षांखाली स्क्रीन नाही (नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल), दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या सोबतीने, पाच ते दहा वर्षांत दोन तासांपेक्षा कमी. यात टीव्ही, फोन, कन्सोल सगळं एकत्र धरायचं. दोन तास ही वरची मर्यादा आहे, तेवढा वेळ भरून काढायचा नाही. तुमच्या मुलीचा टीव्ही अर्धा तास आहे. कन्सोलचे दिवस असतील तेव्हा टीव्ही नको, आणि बैठक २० ते २५ मिनिटांची, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला तेवढं भरपूर झालं.

मला वेळेपेक्षा अंतराची काळजी जास्त वाटते. पाच वर्षांच्या मुलाचे हात आखूड असतात आणि हात दमले की कोपर मांडीवर येतं, मान खाली जाते, पडदा नाकापासून वीतभर अंतरावर येतो. हातातला पडदा निदान ३० ते ४० सेंटिमीटरवर हवा. घरी बघायची सोपी रीत: तिने मूठ गालाला टेकवायची, कोपर जिथे येतं त्याच्या अलीकडे पडदा यायला नको. पालथं झोपून, पांघरुणात किंवा अंधाऱ्या खोलीत खेळणं नको. म्हणून मीही टीव्हीला जोडता येणाऱ्या यंत्राच्या बाजूने आहे. दोन मीटरवरच्या टीव्हीकडे बघताना डोळ्यांना जवळचं बघण्याइतके कष्ट पडत नाहीत.

कन्सोल द्यायच्या आधी एकदा डोळे तपासून घ्या. पहिलीत जाण्यापूर्वी तशीही ही तपासणी व्हायलाच हवी. आईवडिलांपैकी कोणाला मायनस नंबर असेल तर नक्कीच. नंतर लक्ष ठेवायचं ते डोळे बारीक करून बघणं, मान तिरकी करणं, दर आठवड्याला टीव्हीच्या जवळ सरकणं, सारखे डोळे चोळणं यावर. आणि रोज दोन तास उजेडात बाहेर खेळणं. चष्म्याचा नंबर लागण्याचं प्रमाण त्याने कमी होतं हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. कन्सोलमुळे ते दोन तास कमी होणार असतील तर कन्सोल नको असं मी स्पष्ट सांगेन.

मुलीला कधी फिट आली असेल, किंवा घरात कोणाला चमकत्या उजेडाने फिट येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. असा इशारा सगळ्याच कन्सोलबरोबर दिलेला असतो आणि तो गांभीर्याने घ्यायचा असतो.

माझ्या मते सहा पूर्ण होईपर्यंत थांबलात तर उत्तम. पाटी_पेन्सिल यांच्या दोन्ही परीक्षा पार पडल्या आणि टीव्हीवरच खेळणार असेल तर आत्ताही माझी हरकत नाही.

---

अनघा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. थ्रीडीएस बाद. चिंचोके उद्यापासूनच.

दोन प्रश्न राहिले. तिला इंग्रजी वाचता येत नाही, मराठी जोडाक्षरं आत्ता कुठे सुरू झालीत. मग ती नेमकं खेळणार काय? आणि बाजारात तो चारशे गेमवाला छोटा डबा काही शे रुपयांना मिळतो. आधी तो देऊन बघितला तर अंदाज येईल का?

---

कडेकडेने_गाडी

चारशेवाल्या डब्याने अंदाज येणार नाही. त्यात बहुतेक १९८० च्या दशकातले गेम असतात, आणि ते गेम मुळात अवघडच बनवलेले होते. तीन जीव गेले की पहिल्यापासून, मधे सेव्ह नाही, सोपं करायची सोय नाही. मूल तिथे वैतागलं तर त्यावरून ते तयार नाही असं ठरत नाही, मोठी माणसंही तिथे वैतागतात. शिवाय आत काय काय भरलंय यावर कोणाचंच लक्ष नसतं, आणि आतल्या सुट्या बॅटरीचा दर्जा भरवशाचा नसतो.

आता खोक्यावरच्या वयाचं. पेगी ३ (युरोपातली वयाची खूण) किंवा ईएसआरबीचं ई (अमेरिकेतली) याचा अर्थ आशय त्या वयाला चालेल एवढाच. मारामारी, शिवराळ भाषा, भीतीदायक दृश्यं यांबद्दल ते सांगतं. गेम किती अवघड आहे, किती वाचावं लागतं याबद्दल काहीच सांगत नाही. अ‍ॅनिमल क्रॉसिंगवर पेगी ३ आहे, पण त्यात पानोपानी संवाद आहेत आणि मराठी-हिंदी नाही. वाचता न येणाऱ्या मुलीबरोबर सगळा वेळ तुम्हालाच दुभाष्या म्हणून बसावं लागेल.

पहिला गेम म्हणून मारिओ कार्ट ८ डीलक्सच घ्या. कारण सांगते. गाडी निवडायच्या पडद्यावर + दाबलं की दोन सोयी चालू करता येतात: एकीने गाडी आपोआप पुढे जाते, दुसरीने ती रस्त्याबाहेर जात नाही. दुसरी सोय चालू असली की गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते. गाडी कडेला जायला लागली की ती चमकते आणि गाडी आपोआप आत वळते. मुलाला फक्त डावीउजवीकडे वळवायचं आणि मिळालेली वस्तू फेकायची. पन्नास सीसीवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर, सुरू करा. एक शर्यत साधारण तीन मिनिटांची, चार शर्यतींचा एक कप. दोन कप झाले की सहा_मीटर यांनी सांगितलेली २५ मिनिटं भरतात, चिंचोके आठ.

हे झालं की बघत राहा. अँटेना दिवसेंदिवस कमी चमकायला लागली तर आधी आपोआप पुढे जाणं बंद करा. आता उजव्या अंगठ्याने वेगाचं बटण दाबून धरायचं आणि डाव्याने वळायचं. दोन अंगठ्यांना दोन वेगळी कामं देणं ही या वयातली खरी पायरी आहे, काहींना ती चार दिवसांत येते, काहींना चार महिन्यांत. शर्टाची बटणं स्वतः लावणाऱ्या, कात्रीने वळणदार रेघेवरून कापणाऱ्या मुलांना बहुधा लवकर येते. वळणाची सोय सगळ्यात शेवटी काढा.

त्यानंतर कर्बी अँड द फरगॉटन लँड. त्यात सोपी पातळी निवडता येते आणि दुसऱ्या खेळाडूचं पात्र आहे, म्हणजे तुम्ही शेजारी बसून मदत करू शकता. सुपर मारिओ ब्रदर्स वंडरमध्ये तिला योशी किंवा नॅबिट हे पात्र द्या. त्यांना शत्रूचा धक्का लागून इजा होत नाही, खड्ड्यात मात्र पडतात. वर्षभराला हे तीन गेम पुरतात. झेल्डा आणि पोकेमॉन वाचायला लागल्यावर.

वजनाबद्दल एक. लाइट २७५ ग्रॅम, साधा स्विच जॉय-कॉनसकट ४०० च्या आसपास, आणि २०२५ मध्ये आलेला स्विच २ साडेपाचशेच्या जवळ, म्हणजे अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली सतत समोर धरण्यासारखं. याच कारणाने लोक लहान मुलांना लाइट घेतात. पण टीव्हीवर खेळताना मुलीच्या हातात फक्त एक आडवा धरलेला जॉय-कॉन असतो, त्याचं वजन ५० ग्रॅम. तेव्हा वजनाच्या हिशेबातही साधा स्विचच जिंकतो.

---

वायस्क्रू

कडेकडेने_गाडी यांच्या आडव्या जॉय-कॉनला जोडून. त्याच्या कडेला एसएल-एसआर ही दोन अगदी बारीक बटणं असतात, लहान बोटांना सापडत नाहीत. खोक्यात येणारी मनगटपट्टी बसवली की ती बटणं मोठी होतात, शिवाय जॉय-कॉन हातातून उडून टीव्हीवर आदळत नाही. पट्टीवर + किंवा − खूण असते, जॉय-कॉनवरही असते. + ला +, − ला −. उलटी सरकवली तर अडकून बसते आणि जोराने ओढताना रेल, म्हणजे पट्टी सरकते ती कड, मोडते. हे मोठ्यांनीच बसवायचं.

मामा आल्यावर खोकं मुलीसमोर पहिल्यांदा उघडू नका. आदल्या रात्री वायफाय जोडा, अपडेट होऊ द्या, मोबाईलवर निन्टेंडोचं पालक-नियंत्रण अ‍ॅप घालून कन्सोलशी जोडा. दिवसाची मर्यादा ३० मिनिटं, झोपेच्या वेळेचा अलार्म संध्याकाळी सातचा. वेळ संपली की गेम थांबवण्याचा जो पर्याय आहे तो पहिले काही आठवडे बंद ठेवा. तो शर्यतीच्या मधेच पडदा अडवतो आणि जिंकत आलेलं मूल त्या क्षणी भडकतं. नुसती सूचना येऊ द्या, थांबवायचं काम चिंचोक्यांवर. ही मर्यादा माणसागणिक नसते, अख्ख्या कन्सोलची असते, म्हणजे दुपारी बाबा अर्धा तास खेळले तर संध्याकाळी मुलीचा वेळ संपलेला दिसेल. त्या दिवशी अ‍ॅपमधून आजच्यापुरता अलार्म बंद करा. कन्सोलवर तिच्यासमोर पिन टाकू नका, मुलं पिन बोटांवरून वाचतात.

मुलीसाठी निन्टेंडो खातं काढायची गरज नाही. कन्सोलवर नुसतं नाव आणि चित्र असलेला वापरकर्ता बनवला तरी कार्डावरचे गेम चालतात. पैसे खर्च होण्याचा प्रश्नच मिटतो. खातं काढलंच तर तुमच्या कुटुंब-गटात मुलाचं खातं म्हणून काढा आणि खरेदी बंद करा. स्विचच्या कार्डांना देशाची अट नाही, मामाने अमेरिकेतून आणलेलं कार्ड इथल्या यंत्रात आणि इथलं त्या यंत्रात चालतं. बिल मात्र जपून ठेवायला सांगा, दुरुस्ती वॉरंटीत करायची वेळ आली तर यंत्र तिकडेच पाठवावं लागेल. पडद्यावर टेम्पर्ड काच पहिल्याच दिवशी बसवा, साध्या स्विचचा पडदा प्लॅस्टिकचा आहे आणि डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) घालता-काढतानाच ओरखडे येतात. ओलेड मॉडेल (वेगळ्या, काचेच्या पडद्याचा स्विच) आणलं तर त्याच्या काचेवर कंपनीनेच लावलेली एक पातळ फिल्म असते, ती प्रोटेक्टर समजून सोलू नका. टेम्पर्ड काच तिच्यावरूनच लावायची.

---

पाटी_पेन्सिल

धाकट्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. स्विचचं गेम कार्ड साधारण तीन सेंटिमीटर लांब आणि दोन रुंद असतं. कोणी गिळू नये म्हणून त्यावर अतिशय कडू रसायनाचा लेप असतो, पण दीड वर्षाचं मूल चव कळायच्या आत तोंडात कोंबतं, आणि घशात अडकण्याइतकं ते लहान आहे. एका वेळी एकच कार्ड वापरात ठेवा आणि ते कन्सोलच्या खाचेतून काढूच नका. बाकीची कार्डं कपाटाच्या वरच्या कप्प्यात. स्टिकवर चढवायच्या रंगीत रबरी टोप्या मिळतात, त्या धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत घेऊ नका. आणि चिंचोक्यांची वाटीसुद्धा खेळ संपला की कन्सोलबरोबरच वर ठेवायची. धाकटा जागा असताना खेळणार असेल तर चिंचोक्यांऐवजी पाटीवर रेघा ओढा आणि एकेक पुसायला सांगा.